मागच्या सीटचं मत

आमच्या ह्यांच्या रविवारच्या मंडळींत मोटरसायकलवर मत नसलेला माणूस मी अजून पाहिला नाही. बायकोच्या तब्येतीवर मत नसलं तरी चालतं, पोरांच्या लग्नावर नसलं तरी चालतं. पण नव्या गाडीची टाकी कशी असावी यावर मत पाहिजेच. वर्ध्याहून सेलूकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक चहाची टपरी आहे. दर रविवारी सकाळी ही मंडळी तिथे जमतात, आपापल्या गाड्या रांगेत तिरप्या उभ्या करतात आणि चहाचं थंड पाणी होईपर्यंत भांडतात. एक कापसाच्या जिनिंगवाले शेठ आहेत, एक कॉलेजातून निवृत्त झालेले प्राध्यापक आहेत, आमचे हे सरकारी कचेरीतले निवृत्त हेडक्लार्क, आणि बाकीचे येऊनजाऊन. साठीच्या पुढचे सगळे. पण गाडीचा विषय निघाला की आवाज असा चढतो की रस्त्यावरची एसटी पुढे गेली तरी कळत नाही.

हे भांडण मी अर्धं आयुष्य ऐकलं आहे. ह्यांच्यामागे बसून टपरीपर्यंत जायचं, तिथे बाकावर बसून चहा प्यायचा, आणि ह्यांचं समाधान झालं की पुढे बाजाराला. मागच्या सीटवरून उतरून बाकावर बसलेल्या बाईला कोणी मत विचारत नाही. मीही शाळेत आठवडाभर पोरांना शिकवून, बोलून कंटाळलेली असायची, त्यामुळे माझं काही अडलं नाही. पण माझं एक मत होतंच. ते आता लिहून ठेवते, कारण ते सांगण्याची वेळ निघून गेली आहे.

माझं मत असं, की मोटरसायकल ही दोन माणसांनी बोलत जाण्याची वस्तू आहे.

लग्न होऊन वर्ध्याला आले तेव्हा आमच्या दोन खोल्यांत सासू-सासरे, दोन नणंदा आणि रोहण्याहून शिकायला आलेला एक पुतण्या होता. त्या घरात नवराबायकोनं बोलायचं म्हणजे 'मीठ संपलं' आणि 'लाइटचं बिल भरलं का' एवढंच. त्यापलीकडे काही बोललं तर ते ऐकायला चारजण हजर. ह्यांचा स्वभावही असा की समोर बसून डोळ्याला डोळा देऊन काही सांगणं जमतच नाही. अजूनही जमत नाही. समोरासमोर काही विचारलं की हे पंख्याकडे बघतात.

पण ह्यांच्याजवळ फटफटी होती. मोठी, काळी, टाकीवर सोनेरी रेघ असलेली. सीट म्हणजे लांबरुंद पाटच. चेनला पूर्ण झाकण, मागच्या चाकाला साडी गार्ड आणि पाय ठेवायला चांगली पट्टी. मी एका बाजूला पाय सोडून बसायची, उजवा हात ह्यांच्या खांद्यावर, आणि माझं तोंड बरोबर ह्यांच्या डाव्या कानाशी यायचं. महिन्यातून एक-दोनदा रोहण्याला थोरल्या दिरांकडे शेतावर जाणं व्हायचं. वर्ध्याची वेस ओलांडली की ह्यांना कंठ फुटायचा. रस्त्याकडे बघत बघत, मान किंचित मागे करून, हे मनातलं सगळं बोलायचे. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा कोणी दुसराच माणूस गाडी चालवतो आहे.

तिथेच आमचा संसार ठरला. घरी आम्ही तो फक्त अमलात आणला. त्याची एक रीतही पडून गेली, कोणी न ठरवता. वाटेत आधी देवळी, मग पुलगाव. हे देवळी यायच्या आत विषय काढायचे. मग गप्प व्हायचे. पुलगाव येईपर्यंत मी काही बोलले नाही, तर मला मान्य. काही खटकत असेल तर मी सांगायची. एकदाच, फार वाद न घालता. हे 'हूं' म्हणायचे आणि तो विषय तिथेच रस्त्याच्या कडेला सोडून द्यायचे. प्लॉट घ्यायचा तेव्हा मी गप्प राहिले, आठ दिवसांत ह्यांनी इसार दिला. ह्यांना बढतीवर लांबच्या जिल्ह्यात जायचं होतं, तेव्हा मी कानाशी एवढंच म्हटलं, "मले नाई वाटत जावं. आईंचं कोण पाहीन?" बढती गेली. घरी कोणी विचारलं तर हे सांगायचे, आपल्यालाच नको होती. माझं नाव कधी मधे येऊ दिलं नाही. या माणसाबद्दल माझ्या तक्रारी पुष्कळ आहेत, पण ही गोष्ट मी विसरत नाही.

या सगळ्यात पहिला खोडा घातला तो टपरीवरच्या मंडळींनी. विषय होता आवाज. जिनिंगवाल्या शेठचं ठाम मत, की गाडीचा आवाज हा गाडीचा आत्मा. "आवाज नाई तं गाडी कायची? शिलाई मशीन घे ना मंग!" प्राध्यापकांनी त्यावर चांगलं अर्धा तास तात्त्विक विवेचन केलं. झालं, पुढच्या रविवारी आमच्या ह्यांनी सायलेन्सरमधली जाळी काढून आणली. गाडी अशी गरजायला लागली की आमच्या गल्लीतली कुत्री आधी पळायची आणि मग भुंकायची. हे खूश. मला मात्र आता ह्यांच्या कानात ओरडून बोलावं लागायचं. तरी बोलत होतो. घसा बसायचा, पण बोलत होतो. त्या आवाजात ह्यांनी वर्षांमागून वर्षं काढली, हेल्मेटशिवाय, दोन्ही कान उघडे ठेवून. त्याचा हिशेब पुढे चुकता झाला.

मग ती गाडी थकली. सुटे भाग मिळेनात, मिळाले तर बसेनात. तोवर सासू-सासरे गेले होते, नणंदा सासरी, प्लॉटवर घर झालं होतं, मुलगी कॉलेजात. नवी गाडी घ्यायची ठरली आणि टपरीवर दोन महिने संसद भरली. गोल दिवा की चोचीसारखा? टाकी माठासारखी की कोनाकोनाची? उघडी चेन बरी, झाकलेली बरी, की परदेशी गाड्यांना असतो तसा पट्टा? पट्ट्याला शेठचा विरोध. "पट्टा पिठाच्या गिरणीले राह्यते. गाडीले चेनच पायजे. तेल पाजा, घट्ट करा, जीव लावा!" प्राध्यापकांचं म्हणणं, खरं पाहिलं तर चेनऐवजी झाकलेला दांडा, म्हणजे शाफ्टच, सर्वांत सभ्य, त्यात काही दिसत नाही आणि काही उडत नाही. ह्यावर सगळे त्यांना हसले. शेवटी चेन जिंकली, आणि तीही उघडी, कारण झाकणानं गाडी म्हातारी दिसते.

गाडी आली. लालभडक, पुढून वाकलेली, मागून शेपूट वर केलेली. पुढची सीट खाली आणि मागची वर, वेगळी, तळहाताएवढी. मी आपली भोवती फिरून साडी गार्ड शोधत होते. ह्यांनी शोरूममध्येच काढून ठेवायला सांगितला होता.

"लुक बिघडते त्यानं," हे म्हणाले.

"मंग मी कशी बसू?"

ह्यांनी गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. खरं सांगते, तो प्रश्न दोन महिन्यांत त्यांच्यापैकी एकाच्याही डोक्यात आला नव्हता. टाकी, दिवा, चेन, आवाज, सगळ्यावर बोलणं झालं. मागच्या सीटवर नाही. मला राग आला असता तर बरं झालं असतं. मला नुसतं वाईट वाटलं.

तरी मी बसले. सलवार कमीज घालून, दोन्हीकडे पाय टाकून, माळ्यावर चढल्यासारखी. ह्यांच्या डोक्यावरून मला रस्ता दिसत होता. ह्यांचा कान माझ्या हनुवटीखाली कुठेतरी, तोही आता हेल्मेटच्या आत. ब्रेक लागला की माझं हेल्मेट ह्यांच्या हेल्मेटवर टक्कन आपटायचं. सेलूच्या अलीकडे माझ्या ओढणीचं टोक चेनमध्ये गेलं. हिसका बसला तशी मी ओरडले. ह्यांनी गाडी थांबवली म्हणून गळ्याशी आलेलं ओढणीवर निभावलं. हे खाली बसून चेनमधून चिंध्या काढत होते, हात तेलानं काळे, आणि त्यांचे हात थरथरत होते. म्हणाले काहीच नाहीत. गाडी चालत नसताना ते बोलणार तरी कसे?

त्यानंतर मी त्या गाडीवर बसले नाही. हेही बस म्हणाले नाहीत. रोहण्याला मी एसटीनं जायला लागले, हे गाडीनं. बसस्टँडवर मला घ्यायला उभे असायचे, पिशवी हातातून घ्यायचे, आणि आम्ही 'भूक लागली का' एवढं बोलून घरी जायचो.

आता लोक म्हणतील, घर मोकळं होतं, दोघंच होता, मग घरी बोलायचं. मीही स्वतःला हेच म्हणत असे. घरी बोलायला जागा खूप होती, सवय नव्हती. माझी आई गेली त्या साली मला आतून काय झालं होतं ते मी ह्यांना सांगितलं नाही. मुलगी नोकरीला पुण्याला गेली तेव्हा तिला पाठवायचं की नाही याबद्दल ह्यांना काय वाटलं, मला आजही माहीत नाही. एवढी वर्षं आम्ही एका घरात राहिलो, नीट राहिलो, भांडलोसुद्धा नाही. आज त्या वर्षांची मला हळहळ वाटते. एका सीटपायी माणसं अशी मुकी होऊ शकतात, हे कोणाला सांगितलं तर खरं वाटणार नाही.

मधेच कधीतरी ह्यांचे कान गेले. आधी टीव्हीचा आवाज वाढला, मग फोनवर ओरडणं वाढलं. नागपूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, डावा जास्त गेला आहे, उजवा त्याच्या मागोमाग. मुलीनं कानात घालायचं मशीन घेऊन दिलं. ह्यांना ते पटलं नाही. "मले ऐकू येते. लोकच हळू बोलून राह्यले आजकाल." मशीन टीव्हीपुरतं आणि मुलीचा फोन आला की तेवढ्यापुरतं. मी ओरडून बोलायला शिकले. भाजी काय करू, हे ओरडून विचारता येतं. पण काही गोष्टी ओरडून बोलल्या की त्यांचा जीवच जातो, आणि आमच्या भिंतीला लागून शेजाऱ्यांचं स्वयंपाकघर आहे.

मग गेल्या वर्षी ह्यांच्या कमरेनं संप केला. त्या वाकलेल्या लाल गाडीवर बसणं होईना. मुलगी आली आणि तिनं टपरीवरच्या संसदेला न विचारता बॅटरीवरची गाडी घेऊन दिली. मी ती पाहिली आणि मला हसू आवरेना. लांब, सपाट, खाली असलेली एकच सीट! मागच्या चाकाला गार्ड! चेन नाहीच, झाकणाआड रबरी पट्टा. आणि आवाज नाही. अजिबात नाही.

पहिल्याच रविवारी मी ह्यांच्यामागे बसून टपरीवर गेले, कितीतरी वर्षांनी. मंडळींनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"हे काय बाप्पा? गिअर नाई, क्लच नाई, चेन नाई!" शेठ म्हणाले. "मिक्सर आणला का काय?"

"निष्प्राण आहे," प्राध्यापक म्हणाले. "वाहन आपल्याशी संवाद करत नाही."

"नसन करत," मी बाकावरून म्हटलं. "माणसं तं करतीन!"

सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले, टपरीवाल्यासकट. मग हसले. आमचे हे हसले नाहीत. ह्यांना ऐकूच गेलं नव्हतं. चेहऱ्यावरचे भाव बघून अंदाजानं उशिरा हसले.

पण मी मनात मांडे खायला लागले होते. कारण तेव्हाच मुलीनं पुण्याचा विषय काढला होता. तिचं म्हणणं साधं होतं. तुमचं वय झालं, बाबांना ऐकू येत नाही, वर्ध्याचं घर विका आणि माझ्याजवळ येऊन राहा. प्रेमानं म्हणत होती, म्हणून तर अवघड. ह्यांनी तिला फोनवर सांगितलं, "तुह्या आईले विचारून सांगतो." आणि मला काही विचारलं नाही. आठवडा गेला. एके दिवशी म्हणाले, "रविवारी रोहण्याले जाऊ. गाडीनं."

मला कळलं. फार आनंद झाला. त्या दिवशी मी जुन्या काळासारखी साडी नेसले आणि एका बाजूला पाय सोडून बसले. बाहेर पडता पडता ह्यांना खूण करून विचारलं, मशीन घेतलं ना? ह्यांनी मान डोलावली.

गाडी निघाली, आणि रस्ता इतका शांत वाटला की कपाशीतला वारा ऐकू येत होता. ह्यांनी देवळी यायच्या आत विषय काढला, अगदी पूर्वीसारखा, मान किंचित मागे करून. "पोट्टी पुण्याले बोलावून राह्यली. तू सांग."

मग मी सांगितलं. देवळी मागे पडल्यापासून मी बोलत होते. ह्यांच्या हेल्मेटच्या कडेशी तोंड नेऊन, न ओरडता, माझ्या साध्या आवाजात. म्हटलं, मला जायचं नाही. म्हटलं, ते घर आपण या रस्त्यावर ठरवलं होतं, ते मला विकायचं नाही. तिथं मी कोणाशी बोलू? तुम्ही कोणाशी भांडाल? मग एकदा तोंड उघडलं तर बाकीचंही आलं. आई गेली तेव्हाचं सांगितलं. ओढणी अडकली तेव्हा तुमचे हात थरथरत होते ते मी पाहिलं होतं, हेही सांगितलं. डोळ्यांतलं पाणी वाऱ्यानं कानाकडे जात होतं. "समजलं ना?" मी विचारलं. ह्यांनी मान हलवली. समोरून एक ट्रॅक्टरवाला वाट देत होता. पुलगाव आलं, गेलं. मला इतकं हलकं वाटत होतं की पुढे विरूळपर्यंत मी चक्क गुणगुणत होते.

रोहण्याला दिरांच्या अंगणात ह्यांनी गाडी लावली. हेल्मेट काढलं. मग शर्टाच्या खिशातून रुमाल काढला, तो उलगडला, त्यातून मशीन काढलं आणि कानात बसवलं.

मी विचारलं, "हे कधी काढलं?"

"घातलंच नोतं. हेल्मेटात शिट्ट्या मारते ते." आणि मग, मला समजावत, "या गाडीचा आवाजच नाई, तं मशीन कायले पायजे? तसं मले सारं ऐकू येते."

मी काही बोलायच्या आत ह्यांनी फोन काढला होता. नंबर शोधत होते, चष्मा कपाळावर चढवून. चेहरा उतरलेला होता.

"रस्ताभर काईच बोलली नाईस," हे म्हणाले. "पुलगावपर्यंत वाट पायली म्या. मले वाटलं होतं, नाई म्हणशीन. बरं, ठीक आहे. पोरीले सांगून देतो."

आणि मी ओरडले. आयुष्यात कधी ओरडले नव्हते अशी, सासरच्या अंगणात, भर दुपारी. "मले नाई जायचं पुण्याले! नाई विकायचं घर!"

थोरल्या जाऊबाई पिठाचे हात घेऊन धावत बाहेर आल्या. "काऊन वं? काय झालं?" कुंपणापलीकडून शेजारीण डोकावली. दीर बाजेवर उठून बसले.

ह्यांना ऐकू आलं. फोन ठेवला, चष्मा खाली केला, मशीन काढून पुन्हा रुमालात गुंडाळलं. पुण्याला जायचं नाही म्हणून ह्यांना बरं वाटलं होतं, ते मला दिसत होतं. पण त्याहून जास्त काहीतरी लागलं होतं. इतक्या वर्षांत आमची एकही गोष्ट ह्यांनी चारचौघांत येऊ दिली नव्हती. जाऊबाई आत गेल्या तसे हे माझ्याजवळ आले आणि हळूच म्हणाले, "एवढ्या लोकात काऊन सांगतलं? गाडीवर सांगायचं होतं ना."

मी सांगितलं होतं, एवढंच म्हणायचं होतं मला. पण तेही ओरडूनच म्हणावं लागलं असतं, म्हणून मी पिशवी उचलली आणि आत गेले.